‘मराठी’ बटण दाबणाऱ्याला त्याच पानावर राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी भाषा गौरव दिनाच्या आपल्या पुरवणीत वाचकांची बरीच पत्रं एकाच मागणीची होती: सगळ्या संस्थांची संकेतस्थळं मराठीत हवीत. मागणी रास्त आहे. मी गेली १७ वर्षं सांगलीत पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत संकेतस्थळं बनवते. त्या अनुभवावरून या मागणीला एक जोड द्यावीशी वाटते. पानाच्या कोपऱ्यात ‘मराठी’ असं बटण आहे एवढ्यानं भागत नाही. ते दाबल्यावर माणूस ज्या पानावर होता त्याच पानावर राहिला पाहिजे. हे काम संपूर्णपणे प्रोग्रामरच्या हातातलं आहे, त्याला खर्च नाही, आणि तरी ते वारंवार चुकतं. मीही चुकले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मागच्या महिन्यात आमच्या आण्णांना, म्हणजे वडिलांना, डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी तारीख घ्यायची होती. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले डॉक्टर चांगले आहेत आणि हे दुखणं त्यांच्या एकट्याच्या संकेतस्थळाचं नाही. नोंदणीचा फॉर्म चार पानांचा. आण्णा एसटीत वाहक होते, २०११ साली निवृत्त झाले. कागद भरायची त्यांना सवय आहे आणि दुसऱ्यानं भरून दिलेलं त्यांना चालत नाही. पहिली दोन पानं त्यांनी भिंग धरून भरली. तिसऱ्यावर चालू औषधं, रक्तदाब, साखर शेवटची कधी तपासली त्याची तारीख. तारीख त्यांनी आपल्या पद्धतीनं लिहिली, दिवस आधी आणि मध्ये टिंबं देऊन. ‘पुढे’ दाबलं तर वर इंग्रजीत एक लाल ओळ उमटली. काय चुकलं ते वाचता यावं म्हणून त्यांनी कोपऱ्यातलं ‘मराठी’ दाबलं. समोर पांढरं पान आलं. ‘ऊप्स! ॲन एरर ऑकर्ड’ आणि खाली ‘४०५ मेथड नॉट अलाउड’. मागं गेले, पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. शेवटी घराच्या चिन्हावर टिचकी मारली तर थेट मुखपृष्ठ, आणि फॉर्म पहिल्यापासून कोरा.

मी आतून आले तेव्हा ते भिंग पुसत बसले होते. म्हणाले, “कवठेएकंद ओलांडलं होतं बघ. तासगाव दिसत होतं. गाडीनं परत सांगली स्टँडावर आणून उतरवलं.” थोड्या वेळानं म्हणाले, “मी मराठी मागितली, त्यात माझं काय चुकलं गं?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या संकेतस्थळाचा कोड मी पाहिलेला नाही, पण ४०५ हा आकडा बराच बोलका आहे. ब्राउझर सर्व्हरकडे, म्हणजे संकेतस्थळ जिथं ठेवलेलं असतं त्या संगणकाकडे, मुख्यतः दोन कामांसाठी जातो. एक, पान मागायला; त्याला आमच्याकडे ‘गेट’ म्हणतात. दोन, भरलेलं द्यायला, ते ‘पोस्ट’. काही पत्ते, म्हणजे ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसतात ते, फक्त भरलेलं घेण्यासाठी ठेवलेले असतात, तिथं जाऊन पान मागितलं तर सर्व्हर ४०५ म्हणून परत पाठवतो. आण्णांनी ‘पुढे’ दाबल्यावर फॉर्म अशाच एका घेण्याच्या पत्त्यावर गेला. तारीख पटली नाही, तेव्हा त्या कोडनं आधीच्या पानावर परत न पाठवता तिथल्या तिथं, त्याच पत्त्यावर, लाल ओळीसकट फॉर्म पुन्हा दाखवला. डोळ्यांना पान तेच दिसतं, सर्व्हरच्या लेखी मार्ग मात्र बदललेला असतो. मग ‘मराठी’ बटणामागच्या कोडनं ‘जिथून आलात तिथं परत’ असं सांगितलं, ब्राउझर त्या घेण्याच्या पत्त्यावर पान मागायला गेला, आणि अडकला.

माणूस आत्ता नक्की कुठल्या मार्गावर आहे, हे त्या कोडनं नीट विचारलंच नव्हतं. प्रोग्रामर लोक याला ‘करंट राऊट’ म्हणतात. मी इथं सध्याचा मार्ग म्हणते.

मार्ग ही कल्पना मला कॉलेजात कळली त्याच्या आधी घरात कळली होती. आण्णांच्या हातात वे-बिल असायचं. त्यावर फेरीचं नाव, मार्ग, आणि सहा-सहा किलोमीटरचे टप्पे. टप्पा बदलला की नोंद. खिडकीतून बाहेरच्या पाट्या वाचून गाडी कुठं आली ते ठरवायचं नाही, मार्ग निघतानाच ठरलेला असतो. २००५ च्या महापुरात गाड्या वळसे घालून जायच्या, रोजचा रस्ता पाण्याखाली असायचा, पण वे-बिलावर फेरीचं नाव तेच राहायचं. पत्ता आणि नाव या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मी तिथं शिकले, आणि पुढं कामात बरीच वर्षं विसरले.

आजच्या पीएचपी फ्रेमवर्कमध्येही, म्हणजे संकेतस्थळ उभारायच्या तयार सांगाड्यांमध्येही, व्यवस्था अशीच असते. ब्राउझरमध्ये कुठलाही पत्ता टाका, विनंती एकाच दारातून आत येते, इंडेक्स डॉट पीएचपी या फाइलमधून. आत राउटर बसलेला असतो. त्याच्याकडे मार्गांची यादी असते: असा पत्ता आला तर या कंट्रोलरच्या (प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोडच्या) या फंक्शनकडे द्या, आणि या मार्गाचं नाव हे. जुळलेला मार्ग तो त्या विनंतीलाच जोडून ठेवतो आणि मग काम कंट्रोलरकडे देतो. म्हणजे कंट्रोलरच्या हातात काम येईपर्यंत प्रश्नाचं उत्तर तयार असतं, फक्त मागायचं असतं. लॅराव्हेल आणि सिम्फनी ही अशी दोन फ्रेमवर्क. लॅराव्हेलमध्ये रिक्वेस्टकडून, म्हणजे विनंतीकडून, राऊट घ्यायचा आणि त्या राऊटला गेटनेम विचारायचं. सिम्फनीत रिक्वेस्टच्या ॲट्रिब्यूट्समध्ये ‘अंडरस्कोर राऊट’ या खणात नाव असतं आणि शेजारच्या ‘राऊट पॅराम्स’मध्ये पत्त्यातले बदलते भाग, म्हणजे अर्ज क्रमांक, पुस्तक क्रमांक वगैरे. एका ओळीचं काम.

तरीही आमच्यातले कितीतरी जण, आणि आता मुलांना कोड लिहून देणारी यंत्रंसुद्धा, खिडकीतून बाहेर बघतात. पत्ता घेतात, तिरप्या रेघांवर त्याचे तुकडे करतात आणि पहिला तुकडा अमुक असेल तर आपण अमुक पानावर, असं ठरवतात. यानं काय होतं ते मी स्वतः भोगलं आहे, म्हणून सांगते.

२०१४ साली मी एका पतसंस्थेचं अंतर्गत काम कोडइग्नायटरमध्ये करून दिलं. कोडइग्नायटर हे २००६ सालचं फ्रेमवर्क, हलकं, स्वस्त होस्टिंगवर सहज चालणारं. आमच्या भागातल्या लहान कामांना त्यानं फार हात दिला. त्यात पत्त्याचे तुकडे मागायची सोय आहे, सेगमेंट एक, सेगमेंट दोन अशी. व्यवस्थापकाची पानं ‘व्यवस्थापन’ या शब्दानं सुरू व्हायची. मी सगळ्या कंट्रोलरांच्या मुळाशी एक तपासणी घातली: पहिला तुकडा ‘व्यवस्थापन’ असेल तर लॉगिन केलेला माणूस व्यवस्थापक आहे का ते बघा, नसेल तर बाहेर काढा. वर्षभर उत्तम चाललं. मग संस्थेनं मराठी पानं मागितली. मी आनंदानं दिली. मराठी पत्त्यांच्या आधी ‘एमआर’ लावलं आणि राऊट फाइलमध्ये एक नियम लिहिला की ‘एमआर’ गाळून उरलेलं नेहमीच्या कंट्रोलरकडे द्या. पानं सुरेख चालली. पण आता पहिला तुकडा ‘एमआर’ झाला होता, ‘व्यवस्थापन’ दुसऱ्या जागेवर सरकलं होतं. माझी तपासणी पहिल्या तुकड्याकडे बघायची, तिथं ‘व्यवस्थापन’ दिसायचं नाही, आणि ती कुणालाच अडवायची नाही. इंग्रजी पत्त्यावर कुलूप, मराठी पत्त्यावर दार सताड उघडं.

नवव्या दिवशी तिथल्या रोखपाल ताईंनी फोन केला. “मॅडम, मला कर्ज मंजुरीचं पान उघडतंय. मला ते दिसायला नको ना?” त्या ताई प्रामाणिक होत्या म्हणून निभावलं. रात्री साडेआठला मी तिथं पोचले, आधी मराठी पानं बंद केली, मग त्या नऊ दिवसांची प्रत्येक नोंद व्यवस्थापकांबरोबर तपासली. कुणी काही केलेलं नव्हतं. पण रात्री पाऊणला घरी येताना माझे पाय थरथरत होते.

उपाय तिथंच, त्याच फ्रेमवर्कमध्ये होता. सेगमेंट हा पाहुण्यानं टाकलेला पत्ता सांगतो. आरसेगमेंट हा राउटरनं नियम लावल्यानंतरचा मार्ग सांगतो. आणि राउटरला सरळ विचारलं तर तो कंट्रोलरचं आणि फंक्शनचं नाव देतो. मी मॅन्युअलमधलं ते पान कधी नीट वाचलं नव्हतं. आज मी परवानगी तपासायचं काम कंट्रोलरच्या पोटात ठेवतच नाही, मार्गांच्या गटालाच कुलूप लावते. पत्त्याच्या आधी काहीही जोडलं तरी कुलूप गटाबरोबर जातं. पण कारण काहीही असो, पत्त्याच्या तुकड्यावरून परवानगी ठरवणारा कोड दिसला की तो आजच बदला, एवढं मी प्रत्येक प्रोग्रामरला हात जोडून सांगेन.

आण्णा ज्या वर्षी निवृत्त झाले त्याच वर्षी, जून २०११ मध्ये, टेलर ऑटवेल यांनी लॅराव्हेलची पहिली आवृत्ती काढली. आता माझं बहुतेक काम त्यातच असतं. त्यात मार्गाला नाव देणं ऐच्छिक आहे. नाव दिलं नाही तर गेटनेम रिकाम्या हातानं परत येतं. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना पहिला नियम हा: नावाशिवाय मार्ग नाही. नावं टिंब देऊन, घराण्यासारखी ठेवायची. ‘नोंदणी.औषधे’, ‘नोंदणी.तारीख’ (कोडमध्ये ती रोमन अक्षरांत असतात, इथं वाचायला सोपं म्हणून देवनागरीत). मग मेन्यूत ‘नोंदणी’ उजळायचं असेल तर ‘राऊटइज’ या फंक्शनला ‘नोंदणी.’ आणि पुढं तारा, म्हणजे * हे चिन्ह, एवढं दिलं की पुरतं. हेच पत्त्यावरून करायला गेलं तर काय होतं? एका संस्थेच्या मेन्यूत ‘माहिती’ आणि ‘माहितीचा अधिकार’ असे दोन विभाग होते. कोड म्हणायचा, ‘माहिती’नं सुरू होणारा पत्ता असेल तर ‘माहिती’ उजळा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला आलेल्या माणसाला मेन्यू सांगायचा की तुम्ही भलत्याच विभागात आहात. तो माणूस घाबरून परत जातो हो, त्याला वाटतं आपणच चुकीचं काही दाबलं.

पत्ते मराठीत ठेवले तर खिडकीतून बघणं आणखी महागात पडतं. हा मुद्दा इंग्रजीतल्या धड्यांमध्ये येत नाही, म्हणून इथं थोडी थांबते. ‘सूचना’ हा शब्द पत्त्यात गेला की प्रवासात तो टक्केवारीच्या चिन्हांनी गुंडाळला जातो. त्यात पाच चिन्हं आहेत: स, ऊकार, च, न, काना. प्रत्येकाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटची तीन अक्षरं. एवढुशा ‘सूचना’चे ४५ होतात. पीएचपीच्या ‘रिक्वेस्ट यूआरआय’मध्ये ते गुंडाळलेलं रूपच मिळतं. त्याची तुलना कोडमधल्या ‘सूचना’शी केली तर दोन्ही कधीच जुळत नाहीत. फ्रेमवर्कचा राउटर हे गाठोडं सोडूनच मार्ग जुळवतो.

दुसरी अडचण त्याहून बारीक. एका वाचनालयासाठी मी ‘कर्मचाऱ्यांसाठी’ असं पान केलं होतं. माझ्या संगणकावर लिंक चालायची, ग्रंथपाल सरांनी स्वतः टाइप केलेला पत्ता चालायचा नाही. दोन्ही शब्द एकाखाली एक मोठे करून ठेवले, डोळ्यांना तिळाचाही फरक दिसेना. फरक होता तो आपल्या अर्ध्या र मध्ये, जो आपण मराठी माणसं कर्मचाऱ्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत रोज लिहितो. तो र एका कळफलकावरून एकसंध ‘ऱ’ म्हणून जातो, दुसऱ्यावरून साधा र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा दोन तुकड्यांत, तिसऱ्यावरून र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. दिसायला एकच, संगणकाला तीन वेगळे शब्द. तेव्हापासून माझे पत्ते मराठीत असले तरी मार्गांची नावं साध्या रोमन अक्षरांत असतात, सगळ्या लिंका त्या नावावरूनच तयार होतात, आणि कुणी वेगळ्या कळफलकावरून पत्ता टाकला तर त्याला योग्य पानाकडे वळवायची सोय असते. कोडमध्ये तुलना होते ती फक्त नावाची.

आता पुन्हा भाषेच्या बटणाकडे येते.

गेल्या पावसाळ्यात बीसीएस झालेली एक मुलगी माझ्याकडे काम शिकत होती. तिला हेच बटण करायला दिलं. हुशार मुलगी, मार्गाला नाव द्यायचं, सध्याचा मार्ग विचारायचा, हे सगळं तिनं वाचलं होतं. तिनं ‘भाषा बदला’ असा एक स्वतंत्र कंट्रोलर लिहिला. त्यात भाषा सेशनमध्ये, म्हणजे त्या पाहुण्यापुरत्या सर्व्हरवरच्या तात्पुरत्या नोंदीत, लिहिली, सध्याच्या मार्गाचं नाव विचारलं, आणि त्या नावाच्या पानाकडे वळवलं. बटण दाबलं की ब्राउझर गरगर फिरायचा आणि शेवटी ‘खूप वेळा वळवलं गेलं’ म्हणून हात टेकायचा. दीड दिवस ती त्यावर बसली होती. जेवणाच्या सुटीत डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “ताई, मी बरोबर विचारतेय, तो उत्तर चुकीचं देतोय.”

तो उत्तर बरोबर देत होता. सध्याचा मार्ग हा त्या विनंतीचा मार्ग असतो, माणसाच्या डोळ्यांसमोरच्या पानाचा नव्हे. बटण दाबल्यावर जी नवी विनंती निघाली तिचा मार्ग ‘भाषा बदला’ हाच होता. तिथं उभं राहून ‘मी कुठं आहे’ विचारलं तर ‘भाषा बदला’मध्ये आहेस, हेच उत्तर येणार, आणि तिकडंच वळवलं तर पुन्हा तेच. मी तिला म्हटलं, प्रश्न एक पाऊल आधी विचार. पान तयार होत असताना, म्हणजे विनंती त्या पानाचीच असताना, नाव विचारून घे आणि बटणाची लिंक तिथंच पूर्ण करून ठेव. लिंकमध्ये तीन गोष्टी हव्यात: मार्गाचं नाव, मार्गाचे बदलते भाग, आणि नवी भाषा. मग वेगळा कंट्रोलर लागतच नाही, ‘जिथून आलात तिथं’ असं अंदाजानं परत पाठवावं लागत नाही. संध्याकाळी पाचला तिचं बटण चाललं. तिनं ते वीस वेळा तरी दाबून बघितलं असेल.

विनंती आणि पान यांतला हा फरक समजला की पुष्कळ कोडी आपोआप सुटतात. लाइव्हवायर (लॅराव्हेलमध्ये पूर्ण पान न बदलता त्याचा भाग बदलणारं साधन) वापरणाऱ्यांना पहिल्या वेळी मार्गाचं नाव बरोबर मिळतं आणि पुढच्या टिचकीला लाइव्हवायरच्या स्वतःच्या मार्गाचं, कारण ती टिचकी ही वेगळी विनंती असते. सिम्फनीत पानाच्या आत छोटी चौकट वेगळ्या कंट्रोलरनं भरली तर तिला स्वतःची उपविनंती असते आणि तिच्यात मार्गाचं नाव नसतं. तिथं मुख्य विनंतीकडेच जावं लागतं. आणि ‘पान सापडलं नाही’ असं सांगणाऱ्या ४०४ च्या पानाला तर मार्गच जुळलेला नसतो. त्या पानावर नेहमीचा मेन्यू लावला आणि मेन्यूनं बेधडक गेटनेम विचारलं, तर नसलेल्या मार्गाला नाव विचारल्यासारखं होतं आणि चूक सांगणारं पानच मोडतं. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८ मध्ये विचारणा करताना लिहायच्या बाणाच्या (->) आधी प्रश्नचिन्ह टाकून हे टाळता येतं. लॅराव्हेलमध्ये ‘करंट राऊटनेम’ विचारलं तर मार्ग नसताना ते गुपचूप रिकामं उत्तर देतं. मी मात्र शेवटी एक ‘फॉलबॅक’ मार्ग ठेवते, म्हणजे हरवलेल्या पत्त्यालाही मार्ग मिळतो, सेशन मिळतं, आणि मराठीत वाचणाऱ्याला ‘हे पान सापडलं नाही’ हे मराठीतच वाचायला मिळतं. हरवलेल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आण्णांच्या फॉर्मचा इलाजही अवघड नाही. भरलेलं पटलं नाही तर त्याच घेण्याच्या पत्त्यावर पान दाखवू नका. चुका आणि भरलेली उत्तरं सेशनमध्ये ठेवा, आणि माणसाला फॉर्मच्या मूळ पानाकडे परत पाठवा. लॅराव्हेलची ठरीव तपासणी आपणहून असंच करते. कोडमध्ये कुणीतरी मुद्दाम वेगळं केलं की ही साखळी तुटते. ती शाबूत असली की सध्याचा मार्ग ‘नोंदणी.औषधे’ हाच राहतो, ‘मराठी’ दाबलं तरी तोच राहतो. फक्त परत पाठवताना ठेवलेली उत्तरं एकाच विनंतीपुरती टिकतात, तेव्हा भाषा बदलताना ती आणखी एकदा पुढं द्यायला विसरू नका. हे विसरलं की पान मराठीत येतं आणि भरलेलं सगळं पुसून जातं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते ४०५ इतकंच छळतं.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे. संकेतस्थळाचं शेवटचं बिल देण्याआधी स्वतः खुर्चीत बसा. मुखपृष्ठावर बटण चालतं का हे बघू नका, तिथं ते चालतंच. आतल्या तिसऱ्या-चौथ्या पानावर जा आणि तिथं ‘मराठी’ दाबा. शोध घ्या, निकालाच्या दुसऱ्या पानावर जा आणि दाबा. फॉर्ममध्ये मुद्दाम चूक करा, लाल ओळ येऊ द्या, आणि मग दाबा. एक खोटा पत्ता टाकून बघा. प्रत्येक वेळी तुम्ही होता तिथंच राहिलात आणि मजकूर मराठी झाला, तर बिल द्या. नाही झालं तर प्रोग्रामरला शांतपणे परत बोलवा. दुरुस्ती अर्ध्या दिवसाची आहे. आणि जे मास्तर, प्राध्यापक मुलांना वेब प्रोग्रामिंग शिकवतात त्यांनी हा स्वाध्याय एकदा तरी वर्गात द्यावा. महाराष्ट्रातल्या मुलांना याहून जवळचं उदाहरण सापडणार नाही.

हे पत्र लिहायला घेण्याआधी मी आण्णांना माझंच काम तपासायला बसवलं, वाचनालयाचं. फॉर्म ठीक चालला. मग ते पुस्तकांच्या यादीत शिरले, चौथ्या पानापर्यंत गेले, ‘मराठी’ दाबलं, आणि यादी पहिल्या पानावर गेली. पानाचा क्रमांक पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढं असतो. तो मार्गाच्या बदलत्या भागांत येत नाही, वेगळा जोडावा लागतो. मी तो जोडला नव्हता. दोन ओळी घातल्या, सर्व्हरवर चढवलं, ते पुन्हा चौथ्या पानावर गेले आणि दाबलं. “हां. आता थांबली गाडी,” म्हणाले.

रुग्णालयाला मी गेल्या सोमवारी दोन पानांचं पत्र हातोहात दिलं आहे. तिसऱ्या पानावर काय होतं, का होतं, काय बदलायचं, सगळं त्यात लिहिलं आहे, आणि त्यांच्या प्रोग्रामरला हवी असेल तर शेजारी बसून मदत करायची तयारीही कळवली आहे, मोबदल्याशिवाय. आण्णांनी फॉर्म कागदावर भरून खिडकीवर दिला. शस्त्रक्रिया पुढच्या गुरुवारी आहे.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली